गहाण घराची वाटणी

पूर्वीं माहीमच्या वाड्यांतून भाऊ विभक्त होत, तेव्हां पहिल्यानें चूल वेगळी होई. मागाहून पंचांसमक्ष घराची व वाडीची वाटणी ठरे. ओटी एकाला, माजघर दुसऱ्याला, विहीर सामाईक, आणि माडांची मोजदाद करून निम्मे याचे व निम्मे त्याचे, असें वाटणीपत्र लिहिलें जाई. मनें दुखावत, परंतु घर दुभंगूं शकत असे. कौलारू घराला दुसरें दार पाडणें अवघड नव्हतें. आज त्याच माहीममध्यें तिसऱ्या मजल्यावर चारपांचशें चौरस फुटांचा ब्लॉक असतो. त्याला स्वयंपाकघर एक, मोरी एक आणि दार एक. त्याचीं हक्कपत्रें बँकेच्या तिजोरींत असतात. आणि विभक्त होणारे दोघे भाऊ नसतात, तीं पति-पत्नी असतात. अशा घराची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढें उभा राहतो, आणि त्याचें उत्तर बहुतेकांना फार उशिरा कळतें.

हा प्रश्न केवळ धनिकांचा नाहीं. उलट तो पगारदार मध्यम वर्गाचा अधिक आहे. धनिकाजवळ घराखेरीज इतर मिळकत असते. त्यांतून हिशेब मिटवितां येतो. पगारदाराची सारी मिळकत म्हणजे तें एक घर. एका पगारांत तें होत नाहीं, म्हणून दोघांचे पगार दाखवून कर्ज काढलें जातें आणि बँक दोघांच्याहि सह्या घेते. घर दोघांचें, कर्ज दोघांचें, आणि मूल असेल तर त्याची शाळा त्याच घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर. संसार मोडला म्हणजे या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं ओढल्या जातात.

घटस्फोट हा शब्द नवा असला तरी ती गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. अनेक जातींत पंचायतीपुढें काडी मोडून विवाह सोडण्याची रीत होती. त्यावरूनच काडीमोड हा शब्द रूढ झाला. दुसरा शब्द फारकत. देणें फिटल्याच्या लेखाला फारखती म्हणत, आणि तोच शब्द नवराबायकोच्या विभक्त होण्यालाहि लागला. या शब्दांत एक व्यावहारिक मर्म आहे. देणें फिटल्याखेरीज फारकत पुरी होत नाहीं. आजच्या गहाण घराच्या बाबतींत हें मर्म जितकें खरें आहे तितकें पूर्वीं क्वचितच असेल.

ज्या जातींत अशी रूढि नव्हती त्यांना कायद्याची वाट पहावी लागली. बडोदें संस्थानानें १९३१ मध्यें हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यानें १९४७ मध्यें तसा कायदा केला. १९५५ चा हिंदु विवाह कायदा बहुतेक सर्व देशाला लागू झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें परस्परसंमतीच्या घटस्फोटाची वाट मोकळी झाली. त्याच्याहि पूर्वीं मुंबईंत रखमाबाईंचा खटला गाजला होता. दादाजी भिकाजी यांनीं १८८४ मध्यें पत्नीनें नांदावयास यावें म्हणून दावा लावला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं त्यांना पतीकडे जाण्याचा, नाहींतर तुरुंगवास पत्करण्याचा हुकूम दिला. शेवटीं १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि दादाजींनीं आपला हक्क सोडला. त्या खटल्यांत गहाण घर नव्हतें. तथापि न्यायालयाच्या दोन उलटसुलट निकालांनीं जें सुटलें नाहीं तें हिशेबाच्या तडजोडीनें सुटलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

इकडे घराची मालकी ही गोष्टहि मुंबईंत तशी अलीकडची. चाकरमानी मनुष्य भाड्याच्या खोलींत जन्म काढी. गांवदेवी येथें १९१५ मध्यें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली आणि सहकारी तत्त्वावरील घरांचा पाया पडला. १९६० मध्यें महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ मध्यें मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. १९७७ मध्यें हसमुखभाई पारेख यांनीं गृहकर्जासाठींच एक स्वतंत्र वित्तसंस्था मुंबईंत उभारली. त्यानंतर पगारदाराला लांब मुदतीचें कर्ज मिळण्याची सोय वाढत गेली. म्हणजे घटस्फोटाचा कायदा एका वाटेनें वाढला आणि गृहकर्जाचा व्यवहार दुसऱ्या वाटेनें. दोन्ही वाटा एकाच दारांत येऊन मिळतील याचा विचार एकाहि कायद्यानें पुरतेपणीं केलेला नाहीं. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

हा घोटाळा टाळावयाचा तर तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. घर कोणाचें, कर्ज कोणाचें, आणि घरांत राहावयाचें कोणी? पुष्कळांचा समज असा कीं, एकाचें उत्तर मिळालें म्हणजे तिहींचें मिळालें. प्रत्यक्षांत तिहींचे कायदे निराळे आहेत.

पहिला प्रश्न मालकीचा. विवाह होतांच पति-पत्नींची मिळकत एक होते, असें महाराष्ट्रांत नाहीं. गोमंतकांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणें, विवाहापूर्वीं वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मिळकत सामाईक होते व प्रत्येकाचा अर्धा वांटा ठरतो. महाराष्ट्रांत तशी सामाईकी नाहीं. ज्याचें जें आहे तें त्याचें राहतें. पतीच्या मिळकतींत पत्नीला वांटा देण्याची तरतूद असलेलें एक विधेयक राज्यसभेनें ऑगस्ट २०१३ मध्यें संमत केलें होतें. परंतु पुढें लोकसभेची मुदत संपली आणि तें बारगळलें. म्हणून “घटस्फोट झाला कीं अर्धें घर मिळतें” हें बोलणें जितकें चुकीचें, तितकेंच “हप्ते मी भरले, तेव्हां घर माझें” हेंहि चुकीचें आहे.

दोघांच्या नांवावर घेतलेल्या घराला १८८२ चा मिळकत हस्तांतरणाचा कायदा लागतो. त्याच्या ४५ व्या कलमाचा आशय असा कीं, दोघांनीं मिळून पैसा घालून मिळकत घेतली, तर वेगळा करार नसल्यास ज्यानें जेवढी रक्कम घातली त्या प्रमाणांत त्याचा वांटा. आणि कोणी किती घातली याचा पुरावा नसेल तर दोघांचे वांटे समान समजावयाचे. यावरून जुन्या पावत्या, बँकेचीं पासबुकें आणि खरेदीच्या वेळचे धनादेश यांचें मोल ध्यानीं येईल. पत्नीनें माहेरचे दागिने मोडून रक्कम दिली असेल, तर सोनाराची पावती हा पुरावा होतो. स्त्रीधन ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईंत ज्याला न्यायालयें मान देत आलीं त्या नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखांत तिची सविस्तर चर्चा आहे. स्त्रीधनावर पतीची मालकी होत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानेंहि १९८५ मध्यें स्पष्ट केलें. परंतु स्त्रीधन घरांत घातलें आणि त्याची नोंद ठेवली नाहीं, तर हक्क असूनहि तो सिद्ध करणें कठीण जातें.

दुसरा प्रश्न कर्जाचा, आणि येथें सर्वांत मोठी फसगत होते. दोघांनीं मिळून कर्जरोख्यावर सही केली असेल तर १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें धनकोला संपूर्ण रक्कम दोघांपैकीं कोणा एकाकडूनहि मागतां येते. ज्यानें ती भरली त्याला दुसऱ्याकडून त्याचा भाग वसूल करण्याचा हक्क आहे. परंतु ती त्या दोघांमधील गोष्ट झाली, बँकेला तिच्याशीं कर्तव्य नाहीं. न्यायालयानें विवाह विसर्जित केला, घर पत्नीला दिलें, कर्ज तिनें फेडावें असा हुकूमहि झाला, तरी पतीची सही कर्जरोख्यावर तशीच राहते. बँक त्या दाव्यांत पक्षकार नव्हती. तिचा करार तिच्या संमतीवांचून बदलत नाहीं. पुढें पत्नीचा हप्ता चुकला तर नोटीस पतीलाहि येते, आणि त्याला स्वतःला कर्ज हवें असतां त्याची पत खालावलेली दिसते. उलट बाजूहि तशीच. संसाराची गांठ न्यायालय सोडवूं शकतें. कर्जाची गांठ सोडविणें बँकेच्या हातीं आहे.

तिसरा प्रश्न वास्तव्याचा. मालकी असो वा नसो, विवाहित स्त्रीला सामाईक घरांत राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें दिला आहे. छळ झाला असेल तर न्यायाधीश पतीला घराबाहेर राहण्याचाहि हुकूम देऊं शकतात. घर सासूसासऱ्यांच्या नांवावर असलें, तरी तेवढ्यावरून हा हक्क नाकारतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें सांगितलें. परंतु राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि त्यायोगें बँकेचा हप्ताहि थांबत नाहीं. घरांत कोण राहतें हें बँक पाहत नाहीं. हप्ता आला कीं नाहीं एवढेंच ती पाहते.

आतां हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहूं जातां गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, माहीमच्या एका दांपत्यानें आठ वर्षांपूर्वीं १ कोटि २० लाख रुपयांस ब्लॉक घेतला. पत्नीनें दागिने व साठविलेली पुंजी मिळून २० लाख घातले, पतीनें १० लाख घातले, आणि उरलेलें ९० लाखांचें कर्ज दोघांनीं मिळून शेंकडा साडेआठ व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें काढलें. व्याजाचा दर तोच राहिला असें धरिलें तर दरमहा हप्ता ७८,१०४ रुपये पडतो. आठ वर्षांत ९६ हप्ते गेले. म्हणजे जवळजवळ ७५ लाख रुपये भरले गेले. इतके पैसे भरल्यावर कर्ज १५ लाख उरलें असेल, असें पुष्कळांना वाटतें. प्रत्यक्षांत मुद्दल सुमारें ७० लाख ३६ हजार शिल्लक असतें! पंचाहत्तर लाखांपैकीं मुद्दलांत गेले अवघे १९ लाख ६४ हजार. बाकीचे सारे व्याजांत गेले. मुदतीच्या आरंभीं हप्त्याचा मोठा भाग व्याज खातें, हा चक्रवाढीचा साधा नियम आहे. परंतु घटस्फोटाच्या दारांत उभें राहिल्यावर तो प्रथम कळला म्हणजे मनुष्य हबकून जातो. म्हणून वाटणीचें बोलणें काढण्यापूर्वीं बँकेकडून शिल्लक मुद्दलाचा लेखी दाखला घेणें, ही पहिली पायरी होय.

समजा, आज त्या ब्लॉकची किंमत १ कोटि ८० लाख आहे. त्यांतून बँकेचें देणें वजा जातां १ कोटि ९ लाख ६४ हजार उरतात. वाटणी व्हावयाची ती या रकमेची, १ कोटि ८० लाखांची नव्हे. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल, तर प्रत्येकीं ५४ लाख ८२ हजार. पुरावा असेल, आणि कर्ज दोघांचें म्हणून निम्में-निम्में धरिलें, तर खरेदीच्या वेळीं पत्नीचे २० आणि ४५ मिळून ६५ लाख, पतीचे १० आणि ४५ मिळून ५५ लाख. आजच्या किंमतीवर त्याच प्रमाणांत पत्नीचा वांटा ९७ लाख ५० हजार व पतीचा ८२ लाख ५० हजार होतो. त्यांतून प्रत्येकाच्या माथीं निम्में कर्ज, म्हणजे ३५ लाख १८ हजार, टाकलें असतां पत्नीला ६२ लाख ३२ हजार व पतीला ४७ लाख ३२ हजार मिळतात. एका जुन्या पावतीनें साडेसात लाखांचा फरक पडला. आतां पति वर्षभरापूर्वीं घर सोडून गेला आणि त्यानंतरचे बारा हप्ते पत्नीनें एकटीनें भरले असें धरा. ते ९,३७,२४८ रुपये झाले. त्यांतील निम्मे, म्हणजे ४,६८,६२४ रुपये, ती पतीकडून मागूं शकते. पतीहि म्हणूं शकतो कीं, त्या वर्षीं घराचा उपभोग तिनें एकटीनें घेतला, त्याचें मोल वजा करा. दोन्ही म्हणणीं ऐकून न्यायालय ठरवितें. तात्पर्य, हिशेब निर्जीव असला तरी तो दोन्ही बाजूंना सारखाच बोलतो, आणि रागापेक्षां त्याच्याकडून अधिक न्याय मिळतो.

या हिशेबानंतर वाटा तीन राहतात.

पहिली वाट विक्रीची. बँकेच्या संमतीनें घर विकावें, खरेदीदाराच्या पैशांतून बँकेचें देणें परस्पर फेडावें, दलाली व कर वजा करून उरलेली रक्कम ठरल्याप्रमाणें वाटून घ्यावी. बदलत्या व्याजदराचें गृहकर्ज व्यक्तीनें मुदतीपूर्वीं फेडलें तर बँकेनें दंड आकारूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा आदेश आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, हा नियमहि १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला आहे. ही वाट सर्वांत स्वच्छ. तिच्यांत दोन्ही गांठी एकदम सुटतात. उणें एवढेंच कीं, हातीं आलेल्या रकमेंत माहीममध्यें पुन्हां घर मिळत नाहीं, आणि मुलाची शाळा, आजीआजोबा, ओळखीचा दवाखाना, सारें मागें राहतें.

दुसरी वाट एकानें दुसऱ्याचा वांटा घेण्याची. वरील उदाहरणांत पत्नीला घर ठेवावयाचें असेल, तर तिला पतीचे ४७ लाख ३२ हजार द्यावे लागतील व सारें कर्ज एकटीच्या शिरावर घ्यावें लागेल. दोन्ही मिळून १ कोटि १७ लाख ६८ हजार होतात. नवें कर्ज त्याच दरानें वीस वर्षांकरितां काढलें तर हप्ता १ लाख २ हजारांच्या घरांत जातो. कालपर्यंत तिच्या वांट्याला ३९ हजार होते. बँका बहुधा हप्ता पगाराच्या निम्म्याच्या आंत बसतो कीं नाहीं हें पाहतात. म्हणजे तिचा पगार दोन लाखांच्या आसपास हवा. घरावरील माया कितीहि असली तरी हें गणित आधीं सोडवावें. तें सुटत नसतां “घर मी ठेवणार” असा हट्ट धरून पोटगीचा हक्क सोडून देणाऱ्या स्त्रिया पुढें दुहेरी अडचणींत येतात. घर ठेवण्यासाठीं हप्ता नाहीं, आणि हप्त्यासाठीं पोटगी नाहीं.

तिसरी वाट मुदतीची. मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत, किंवा ठरल्या वर्षापर्यंत, घर दोघांच्या नांवें राहूं द्यावें; मूल ज्याच्याजवळ असेल त्यानें तेथें राहावें; नंतर विकून वाटणी करावी. मुलाच्या दृष्टीनें ही वाट अनेकदां हिताची असते. परंतु हप्ता कोणी भरावा, कर व सोसायटीचा आकार कोणी द्यावा, मोठी दुरुस्ती निघाली तर काय, इमारत पुनर्बांधणीस गेली तर वाढलेली जागा व भाडें कोणाचें, हें सर्व लिहून ठेवलें पाहिजे. माहीममध्यें जुन्या इमारती रोज पुनर्बांधणीस जात आहेत. तेव्हां शेवटचा प्रश्न काल्पनिक समजूं नये.

तिन्ही वाटा बंद झाल्या आणि दोघेंहि अडून बसलीं, तर १८९३ चा वाटणीचा कायदा आहे. मिळकत सोयीनें विभागतां येत नसेल तर अर्ध्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या मालकाच्या विनंतीवरून न्यायालय ती विकून पैसा वाटण्याचा हुकूम देऊं शकतें. आणि अशा वेळीं दुसऱ्या मालकास पहिल्याचा हिस्सा ठरलेल्या किंमतीस घेण्याची संधि मागतां येते. कायदा चांगला आहे. परंतु दावा वर्षानुवर्षें चालतो आणि हप्ता दरमहा येतो.

याच ठिकाणीं खरा धोका आहे. संतापाच्या भरांत एकजण म्हणतो, “घर मला मिळणार नाहीं, मग हप्ता मी कां भरूं?” दुसरी म्हणते, “त्यानें भरला नाहीं, मी कां भरूं?” हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं बँकेच्या दप्तरीं तें कर्ज बुडीताच्या वाटेला लागतें. २००२ च्या कायद्याप्रमाणें बँक साठ दिवसांची नोटीस देते, आणि तेवढ्यांत देणें फिटलें नाहीं तर वसुलीचा दावा न लावतां घराचा ताबा घेऊन लिलांव करूं शकते. लिलांवांत बाजारभाव येईलच असें नाहीं. ज्या घरासाठीं दोघें भांडलीं तें तिसऱ्याच्या हातीं जातें, आणि मुलाची वह्यापुस्तकें जिन्यांत येतात. म्हणून दावा चालू असतांनाच हप्ता कोणी व किती भरावा याचा अंतरिम हुकूम न्यायालयाकडून मागून घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत निदान एकानें तरी हप्ता चालू ठेवून प्रत्येक पावती जपावी. भरलेला पैसा हिशेबांत परत मागतां येतो. लिलांवांत गेलेलें घर परत मिळत नाहीं.

माहीमकरांस यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. १८४५ मध्यें लेडी जमशेटजी यांच्या देणगीनें बांधलेल्या पुलावरून खाडी ओलांडली कीं वांद्रें. तेथें कौटुंबिक न्यायालय आहे. १९८४ च्या कायद्याप्रमाणें पति-पत्नींच्या मिळकतीचा वादहि त्याच न्यायालयांत चालतो. विवाहासाठीं एका ठिकाणीं व घरासाठीं दुसऱ्या ठिकाणीं हेलपाटे घालावे लागत नाहींत. आधीं समेटाचा प्रयत्न करणें हें त्या न्यायालयाचें कर्तव्यच ठरविलें आहे, आणि त्यासाठीं समुपदेशक असतात. महाराष्ट्रांत अशा दाव्यांत स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रियांना, उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य वकील मिळूं शकतो. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्याचा त्याचा घटस्फोटाचा कायदा निराळा असला, तरी गहाणाचा व सहमालकीचा कायदा सर्वांना एकच आहे.

परस्परसंमतीनें घटस्फोट घ्यावयाचा असेल तर दोघांनीं एक वर्ष वेगळें राहिलेलें असावें लागतें. पहिल्या व दुसऱ्या अर्जामध्यें सहा महिन्यांचें अंतर सांगितलें आहे. योग्य प्रकरणीं तें माफ करतां येतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें ठरविलें. हीच वेळ घराच्या अटी लिहिण्याची. त्या अटींत ब्लॉकचें पूर्ण वर्णन, शिल्लक कर्ज, प्रत्येकाचा वांटा, हप्त्याची जबाबदारी, रक्कम देण्याची तारीख, आणि बँकेनें नांव कमी करण्यास नकार दिल्यास काय, हें सर्व असावें. “घराचें आपसांत मिटविलें आहे” एवढें मोघम वाक्य लिहून सुटका करून घेऊं नये. त्या वाक्यानें पुढें दोन दावे उभे राहतात. घराचा उल्लेख मूळ अर्जांतच असणें शहाणपणाचें. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दाव्याचा विषय असलेल्या मिळकतीविषयींच्या तडजोडीच्या हुकुमास नोंदणीची सक्ति नाहीं. दाव्याबाहेरची मिळकत तडजोडींत घातली तर तो हुकूम नोंदवावा लागतो व मुद्रांकाचा प्रश्नहि उपस्थित होतो. न्यायालयाबाहेर वांटा सोडावयाचा असेल तर हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत रीतसर नोंदविलेंच पाहिजे. साध्या कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घेतल्यानें वांटा दुसऱ्याच्या नांवें होत नाहीं.

यापुढें दोन दारें ठोठवावीं लागतात. एक बँकेचें: नवा करार करून सोडून जाणाऱ्याचें नांव कर्जांतून कमी झाल्याचें पत्र हातीं घ्यावें. दुसरें सोसायटीचें: भागपत्रावरील नांव बदलून घ्यावें व नामनिर्देशन नवें करावें. या दोन गोष्टी राहिल्या तर न्यायालयाचा हुकूम कपाटांत आणि जुनें नांव दप्तरांत, अशी स्थिति वर्षानुवर्षें राहते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. अंतिम हुकूम होईपर्यंत नातें कायद्यानें कायम असतें. त्या मुदतींत एकाचा मृत्यु झाला आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदूंच्या बाबतींत हयात जोडीदार वारसांत येतो. तसेंच दावा चालू असतां एकानें आपला हिस्सा परक्यास विकूं नये म्हणून मुंबईंत दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून ठेवावी लागते. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून ही रीत आहे, आणि ती न पाळणाऱ्याला कायद्याचें पुरें संरक्षण मिळत नाहीं.

जुन्या वाटणींत पंच होते. ते कायदा फारसा जाणत नसत. परंतु दोघांनाहि ओळखत असत, आणि वाटणी झाल्यावर विहीर सामाईक ठेवावयास विसरत नसत. पति-पत्नींच्या वाटणींत मूल हें त्या विहिरीच्या जागीं असतें. तें वाटतां येत नाहीं, आणि दोघांनाहि पुढें जन्मभर त्याच्या कांठीं यावें लागतें. घराचा हिशेब जितका चोख, तितकें तें येणें सोपें. बँकेचा दाखला, जुन्या पावत्या, एक कोरा कागद आणि दोघांच्या विश्वासाचा एक वडीलधारा मनुष्य, एवढ्या साहित्यावर पुष्कळ घरांची वाटणी एका दुपारीं निदान कागदावर तरी मांडतां येते. न्यायालयांत जावें तें तो कागद बरोबर घेऊन. देणें फिटावें, मग फारकत व्हावी. क्रम उलटला कीं विवाह संपतो, पण कर्ज दोघांनाहि एकमेकांशीं बांधून ठेवितें.